घरातला उजेड आणि छत्तीस फोटोंचा रोल

कुटुंबाच्या रोजच्या जगण्याचे फोटो फिल्मवर काढायचे ठरवले, की बहुतेक जण आधी कॅमेरा शोधू लागतात. माझ्या मते त्याआधी आपल्या घरातला उजेड पाहून घ्यावा. फोन अंधाऱ्या स्वयंपाकघरातही आपली संवेदनशीलता आपोआप वाढवून घेतो. फिल्मची संवेदनशीलता मात्र रोल भरताक्षणी ठरते आणि पुढचे छत्तीस फोटो तिच्याच मर्यादेत काढावे लागतात. सहलीत किंवा गच्चीवर ही मर्यादा फारशी जाणवत नाही. पण वेणीफणी, भाकरी थापणे, शाळेचे दप्तर भरणे, दुपारची वामकुक्षी हे सगळे चार भिंतींच्या आत घडते, आणि तिथे प्रत्येक फोटो उजेडाशी घासाघीस करूनच मिळतो.

उजेडाची पाहणी

एखाद्या सुट्टीच्या दिवशी फोनवर लाइट मीटरचे ॲप घ्यावे, त्यात आयएसओ (फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा) ४०० ठेवावे आणि सकाळ, दुपार व संध्याकाळ अशा तीन वेळी घरभर फिरून आकडे एका वहीत टिपून ठेवावेत. साधारण अंदाज असा असतो: भर उन्हात गच्चीवर १/५०० सेकंद (शटर उघडे राहण्याचा वेळ) आणि एफ/१६ (लेन्सच्या छिद्राचा म्हणजे ॲपर्चरचा आकडा; तो जितका लहान, तितका उजेड जास्त), अंगणातल्या मोकळ्या सावलीत १/२५० आणि एफ/८, दिवसा खिडकीपासून हातभर अंतरावर १/१२५ आणि एफ/२.८, त्याच खोलीत आणखी सात-आठ फूट आत गेल्यावर १/३० आणि एफ/२, रात्री ट्यूबलाइटखाली १/३० ते १/६० आणि एफ/२. खिडकीपासून दोन-तीन पावले मागे सरकताच उजेड तीन स्टॉपने उतरतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट होणे), हे डोळ्यांना कळत नाही, कारण डोळे लगेच सरावतात. आपल्या घराचे आकडे यापेक्षा वेगळे येतील आणि तेच खरे मानावेत.

या पाहणीतून घरातल्या चार-पाच कामाच्या जागा हाती लागतात. शहरी फ्लॅटमध्ये स्वयंपाकाचा ओटा बहुधा खिडकीखाली किंवा ड्राय बाल्कनीच्या दाराशी असतो, त्यामुळे ओट्याशी उभ्या असलेल्या व्यक्तीच्या चेहऱ्यावर चांगला उजेड पडतो. मात्र तो टिपण्यासाठी फोटो काढणाऱ्याने तिच्या बाजूला, खिडकीच्या भिंतीला जवळजवळ खेटून उभे राहायला हवे. तिच्या पाठीमागे उभे राहिल्यास मीटर खिडकीलाच मोजतो आणि माणूस काळा पडतो. अशा वेळी कॅमेरा चेहऱ्याजवळ नेऊन मोजणी करावी आणि तीच कायम ठेवून मागे यावे. ते शक्य नसेल तर मीटरने दाखवलेल्यापेक्षा दीड ते दोन स्टॉप जास्त प्रकाश द्यावा. कोकणातल्या जुन्या घरांत पडवीसारखी दुसरी जागा नाही: उतरत्या छपरामुळे थेट ऊन आत येत नाही, पण अंगणातून परतून आलेला मऊ उजेड दिवसभर मिळतो. माजघराचा मोह मात्र टाळावा; तिथला अंधार मनाला कितीही भावला तरी फिल्मला पुरत नाही. पावसाळ्यात ढगांमुळे सगळे आकडे दोन ते तीन स्टॉपने खाली येतात, म्हणून जूनमध्ये पुन्हा एकदा पाहणी करावी.

रंगीत फिल्म वापरणार असाल तर दिवसा खोलीतली ट्यूब बंद करावी. नेहमीची रंगीत फिल्म दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली असते. ट्यूबखाली ती हिरवट झाक पकडते, आणि खिडकीचा व ट्यूबचा उजेड एकत्र आला की चेहऱ्याची एक बाजू बरी आणि दुसरी आजारी दिसते. स्कॅन केल्यानंतर ही सरमिसळ पूर्णपणे सुधारता येत नाही. निरांजनाच्या किंवा समईच्या उजेडात येणारी नारिंगी छटा मात्र बहुतेकांना आवडते, तिला हात लावू नये.

कॅमेरा आणि फिल्म

घरात कपाटात पडून असलेला कॅमेरा चालत असेल तर नवा शोधू नये. पेंटॅक्स के१००० किंवा निकॉन एफएम२ यांसारख्या कॅमेऱ्यांचे शटर पूर्णपणे यांत्रिक असते. त्यांना बॅटरी लागते ती केवळ मीटरसाठी. यांच्यासोबत एफ/२ किंवा एफ/१.८ ची ५० मिमी लेन्स मिळाली तर उत्तमच. खोल्या लहान असतील तर ३५ मिमी लेन्स अधिक सोयीची, कारण ५० मिमीने दहा बाय दहाच्या खोलीत माणसासोबत त्याचे भवताल मावत नाही. नव्वदच्या दशकात घरोघरी पोहोचलेला कोडॅक केबी१० किंवा त्याआधीच्या पिढीचा आग्फा क्लिक थ्री यांच्याबद्दल अनेकांना जिव्हाळा असतो. पण क्लिक थ्रीला १२० नावाची रुंद फिल्म लागते, तिच्यावर बाराच चौकोनी फोटो येतात, आणि त्याची लेन्स व शटर चांगल्या उन्हासाठीच आहेत. अंगणात खेळणाऱ्या मुलांसाठी तो जरूर वापरावा, घरात नको.

जुना कॅमेरा वापरण्याआधी लेन्समधून टॉर्चचा झोत टाकून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का, ते पाहावे. मागच्या झाकणाच्या कडेचा काळा स्पंज दमट हवेत चिकट होऊन झडतो आणि तिथून उजेड आत शिरतो. तो बदलून घेणे फार खर्चाचे नसते. काही जुन्या कॅमेऱ्यांना पाऱ्याच्या बॅटऱ्या लागत, त्या आता बनत नाहीत, तेव्हा खरेदीपूर्वी पर्यायी बॅटरी बसते का हे विचारून घ्यावे.

फिल्मच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. घरातल्या कामासाठी पहिले काही रोल ४०० गतीच्या (म्हणजे आयएसओ ४०० च्या) कृष्णधवल फिल्मचेच असावेत: इलफर्डची एचपी५ प्लस, कोडॅकची ट्राय-एक्स किंवा त्यांहून स्वस्त पडणारी केंटमियर ४००. कृष्णधवल फिल्मवर ट्यूबच्या हिरवट झाकेचा प्रश्नच येत नाही. शिवाय एचपी५ प्लस १६०० समजून वापरता येते आणि दोन स्टॉपची ती उसनवारी धुलाईचा वेळ वाढवून फेडता येते. तसे करायचे तर पूर्ण रोल १६०० वर काढावा आणि लॅबला देताना डबीवर ते स्पष्ट लिहावे. सावल्यांतला तपशील थोडा जातो, दाणा वाढतो. पहाटेच्या अभ्यंगस्नानाची लगबग टिपण्यासाठी ही किंमत मोठी नाही. रंगीत हवेच असेल तर घरात अल्ट्रामॅक्स ४०० किंवा पोर्ट्रा ४०० घ्यावी आणि मीटरवर २०० ठेवावे, कारण रंगीत निगेटिव्हला एक स्टॉप जास्त उजेड सहज पचतो, कमी उजेड पचत नाही. गोल्ड २०० बाहेरच्या उन्हासाठी ठेवावी.

उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल कित्येकांच्या आठवणीत असतो, आणि मुदत उलटलेले जुने रोल हौशी मंडळींत हातोहात खपतातही. प्रयोगासाठी ते ठीक आहेत. आजोबांचा फोटो मात्र त्यांच्या भरवशावर सोडू नये.

माणसांमध्ये वावरताना

कॅमेरा बॅगेत असला तर तो बाहेर काढेपर्यंत प्रसंग संपतो. रोल भरलेला कॅमेरा लेन्सला झाकण न लावता टेबलावर किंवा फ्रिजवर, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी पडलेला असावा. चार-पाच दिवसांत घरच्यांना त्याची सवय होते. पाहणीच्या वहीमुळे खोलीत शिरण्याआधीच शटर आणि ॲपर्चर लावता येते, म्हणजे डोळ्याला कॅमेरा लावल्यावर काम उरते ते फोकसचे.

फोकसचेही गणित आधी करून ठेवता येते. ३५ मिमी लेन्स एफ/८ वर ठेवून तीन मीटरवर फोकस केला तर साधारण १.९ मीटरपासून ७ मीटरपर्यंतचे सगळे पुरेसे स्पष्ट येते. अंगणात किंवा गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालण्याची धांदल चालू असताना मग फोकसच्या कड्याला हात लावावा लागत नाही. घरात ही चैन नसते. ५० मिमी लेन्स एफ/२ वर असताना दीड मीटरवरच्या माणसाचा जेमतेम दहा सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. तिथे डोळ्यांवर फोकस करावा, आणि माणूस पुढे-मागे झुलत असेल, जसे पोळ्या लाटताना होते, तर त्याच्या हालचालीच्या एका टोकाशी फोकस लावून तो तिथे परत येण्याची वाट पाहावी. त्या टोकाशी हालचाल क्षणभर थांबते, त्यामुळे १/६० सुद्धा पुरते. धावत्या मुलांना १/२५० च्या खाली शटर नको.

"इकडे बघ", "हस जरा" असे म्हणू नये. तरीही घरातली वडीलधारी मंडळी कॅमेरा दिसताच "थांब जरा, पदर नीट करते" म्हणणारच, आणि त्यांचा तो मान राखावा. पदर सावरून, ताठ बसून काढलेला एक फोटो त्यांच्या मनासारखा काढून द्यावा, मग तिथेच गप्पा मारत बसावे. थोड्या वेळाने त्या पुन्हा तांदूळ निवडू लागतात, आणि दुसरा फोटो तेव्हाचा असतो. मुलांचे फोटो त्यांच्या उंचीवर, जमिनीवर मांडी घालून काढावेत. मुलांच्या आंघोळीचे वगैरे फोटो काढताना, आपली फिल्म लॅबमधल्या अनोळखी माणसांच्या नजरेखालून जाणार आहे आणि स्कॅन इंटरनेटवरून येणार आहेत, हे विसरू नये. असे फोटो न काढलेले बरे.

चौकट ठरवताना एक पाऊल मागे राहावे, असे मी आग्रहाने सांगेन. चेहऱ्याचे जवळून घेतलेले फोटो फोनवर हजारोंनी असतात. भिंतीवरचे कालनिर्णय, ओट्यावरचे डबे, दारामागे अडकवलेली छत्री, पलंगाखाली सरकवलेल्या बॅगा हे मात्र कुणी मुद्दाम टिपत नाही, आणि घर बदलले की ते सगळे एकदमच जाते. कॅलेंडराचे पान चौकटीत आले तर महिन्याची नोंदही आपोआप होते.

रोल सणावारी एका दिवसात संपवू नये. गणपतीत किंवा दिवाळीत फोनने भरपूर फोटो निघतातच. एक रोल तीन-चार आठवडे पुरवावा आणि त्यात तीच ती कामे पुन्हा पुन्हा यावीत. चित्रकार अमृता शेरगिल यांचे वडील उमराव सिंग शेरगिल (१८७०–१९५४) यांनी पत्नी, दोन मुली आणि स्वतः यांचेच फोटो कित्येक दशके काढले. त्यांतले पुष्कळसे समोर बसवून काढलेले आहेत, रोजच्या धबडग्यातले नाहीत. पण तीच माणसे वर्षानुवर्षे कॅमेऱ्यासमोर येत राहिल्याने त्या संग्रहात मुली मोठ्या होताना आणि आईवडील थकताना दिसतात. एकाच खिडकीत दर महिन्याला घातलेली वेणी हे आपल्या घरात सहज जमण्यासारखे आहे.

धुलाई आणि जपणूक

रंगीत रोल लॅबलाच द्यावा. त्याच्या सी-४१ प्रक्रियेत डेव्हलपर (चित्र उमटवणारे रसायन) ३८ अंश सेल्सिअसच्या अगदी जवळ राखावा लागतो आणि थोडाही फरक रंगांत उतरतो. कृष्णधवल रोल घरी धुता येतो. त्यासाठी फिल्म धुण्याची एक टाकी, चेंजिंग बॅग (आत हात घालून अंधारात फिल्म टाकीत भरण्याची काळी पिशवी), थर्मामीटर आणि डेव्हलपर व हायपो (उमटलेले चित्र कायम करणारे रसायन) एवढे पुरते, डार्करूमची खोली लागत नाही. खरी अडचण तापमानाची असते. ४०० वर काढलेली एचपी५ प्लस एकास एक पाणी मिसळलेल्या डी-७६ डेव्हलपरमध्ये २० अंशांवर ११ मिनिटे धुतात, पण एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या टाकीतले पाणी तिशीच्या वर असते. माठातले पाणी घ्यावे, आणि डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून तापमान उतरवावे; बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नये. २४ अंशांपर्यंत आणता आले तरी चालते, तेव्हा वेळ साधारण एक तृतीयांशाने कमी करावा. वेळ पाच मिनिटांच्या खाली गेला की धुलाई डागाळण्याचा धोका असतो. हायपोनंतर नळ वाहता ठेवण्याची गरज नाही: फिल्मची टाकी पाण्याने भरून पाच वेळा उलटसुलट करावी, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. टंचाईच्या दिवसांत ही इलफर्डची पद्धत विशेष उपयोगी पडते, मात्र हायपोत हार्डनर (फिल्मचा थर कडक करणारे रसायन) नसावे.

न वापरलेले रोल हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावेत आणि वापरण्याआधी काही तास बाहेर काढावेत, नाहीतर फिल्मवर बाष्प धरते. विमानप्रवासात रोल चेक-इन बॅगेत टाकू नयेत. नव्या सीटी स्कॅनरमधून गेल्यास फिल्म धुरकटते, म्हणून हाताने तपासण्याची विनंती करावी. पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये न ठेवता सिलिका जेलसह डब्यात ठेवावा. निगेटिव्ह सहा-सहाच्या पट्ट्यांत कापून पॉलिप्रॉपिलिनच्या पाकिटांत, कोरड्या कपाटात असाव्यात, आणि त्या कपाटात डांबराच्या गोळ्या नसाव्यात. पाकिटावर रोलचा क्रमांक आणि महिना लिहावा, तोच क्रमांक पाहणीच्या वहीत आणि स्कॅनच्या फोल्डरलाही द्यावा.

प्रत्येक रोलमधले चार-पाच फोटो तरी कागदावर छापून घ्यावेत आणि मागे माहिती लिहावी. आजकालच्या प्लास्टिकचा थर असलेल्या कागदावर पेन्सिल उमटत नाही आणि बॉलपेनचा दाब पुढे उठतो, त्यामुळे लवकर वाळणारे कायमच्या शाईचे मार्कर वापरावे, आणि शाई वाळेपर्यंत फोटो एकावर एक रचू नयेत. 'आई' किंवा 'काका' एवढेच न लिहिता पूर्ण नाव, नाते कोणाच्या बाजूने ते, गाव आणि साल लिहावे, कारण पुढच्या पिढीच्या हातात फोटो गेला की 'आई' कोणाची, हे सांगणारे कोणी नसते.