डायकास्ट गाड्यांचा संग्रह : धूळ, ऊन आणि कूलर सांभाळून

डायकास्ट गाड्या जमवू पाहणाऱ्याने पहिली गाडी घेण्याआधी कपाट कुठे बसवायचे ते ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेकांचा क्रम उलटा असतो. गाड्या येत राहतात, त्या आधी टीव्हीशेजारी, मग फ्रिजवर आणि शेवटी खिडकीच्या कट्ट्यावर उभ्या राहतात. बीड-परभणीकडचा एक उन्हाळा त्यांच्यावरून गेला की लाल रंग विटतो, चाकांच्या खाचांत फुफाटा बसतो आणि हौस तिथेच थांबते.

डायकास्ट म्हणजे वितळलेला धातू दाबाने पोलादी साच्यात भरून घडवलेली वस्तू. हा धातू प्रामुख्याने जस्त असतो आणि त्यात थोडे ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम व तांबे मिसळलेले असते. माळेगावच्या जत्रेत किंवा गावातल्या खेळण्यांच्या दुकानात पत्र्याच्या, प्लॅस्टिकच्या आणि डायकास्टच्या गाड्या एकाच टोपलीत पडलेल्या असतात, तेव्हा खिशात छोटे लोहचुंबक ठेवावे. पत्र्याला ते चिकटते. डायकास्टच्या अंगाला चिकटत नाही, मात्र खालच्या पोलादी आसाला चिकटते. प्लॅस्टिक तर हातात घेताच हलके लागते.

त्यानंतर स्केल ठरवावी, म्हणजे खऱ्या गाडीपेक्षा प्रतिकृती किती पट लहान ते प्रमाण; १:६४ म्हणजे चौसष्ट पट लहान. मारुती ८०० ची खरी लांबी सुमारे ३.३ मीटर आहे. १:६४ मध्ये ती जेमतेम ५ सेंटिमीटर भरते, १:४३ मध्ये पावणेआठ आणि १:१८ मध्ये साडेअठरा. पहिल्या संग्रहासाठी १:६४ योग्य, कारण जागा व खर्च दोन्ही आवाक्यात राहतात. हॉट व्हील्स (१९६८ पासून) आणि मॅचबॉक्स (१९५३ पासून) यांच्या छोट्या गाड्या मात्र काटेकोरपणे १:६४ नसतात. त्या ठरावीक आकाराच्या पाकिटात बसवलेल्या असल्याने ट्रक आणि छोटी मोटार जवळपास सारख्याच लांबीच्या दिसतात. ज्यांना हे खटकते त्यांनी मिनी जीटीसारख्या स्केल पाळणाऱ्या कंपनीकडे वळावे. आणखी एक गोष्ट नवख्यांना फसवते: हॉट व्हील्सच्या तळावर कोरलेले साल बहुधा त्या आराखड्याच्या कॉपीराइटचे असते, गाडी त्याच साली तयार झाली असा त्याचा अर्थ होत नाही. तळावरचे साल दाखवून कोणी ‘जुनी आहे’ म्हणून चढा भाव सांगू लागला, तर शांतपणे गाडी परत ठेवावी.

संग्रहाला विषय हवा, नाहीतर तो नुसता ढीग होतो. आपल्याकडे एक सोपा विषय हाताशी आहे: मराठवाड्यात तयार झालेली वाहने. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आहे, तर शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाची ऑक्टेव्हिया जोडली जाऊ लागली. ऑक्टेव्हियाच्या १:४३ प्रतिकृती चेक प्रजासत्ताकातील ॲब्रेक्स ही कंपनी काढते. रिक्षा बहुधा मागे ओढून सोडायची, प्लॅस्टिकचीच मिळते. तरी ती घ्यावी, धातूचा हट्ट तिथे धरू नये.

आता कपाट. १:६४ ची गाडी साधारण ७ सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर रुंद असते. तोंड बाहेर करून प्रत्येकीला साडेचार सेंटिमीटर जागा दिली, तर ९० सेंटिमीटरच्या एका फळीवर २० गाड्या मावतात. दोन फळ्यांतील अंतर ६ ते ७ सेंटिमीटर आणि खोली १० सेंटिमीटर पुरते. सुतार सवयीने ३० सेंटिमीटर खोली धरतो, त्याला तेवढे आवर्जून सांगावे, कारण खोल फळीवर मागची रांग दिसत नाही आणि तिथलीच धूळ कधी पुसली जात नाही. १:१८ ची एक गाडी मात्र किलोभर वजनाची असू शकते, म्हणून तिथे जाड प्लायवूड आणि मध्ये आधार हवा.

धुळीचा खरा रस्ता म्हणजे सरकत्या काचांमधली फट. दोन काचा एकमेकींवरून सरकतात तिथे दोन-तीन मिलिमीटरची जागा राहते, आणि वैशाखातल्या वावटळीला तेवढी पुष्कळ होते. ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना लावतात ती केसाळ पट्टी काचेच्या कडेला चिकटवली की काम भागते. माळवदाच्या घरात वरून सतत माती झडते, त्यामुळे तिथे कपाटाचा माथाही बंद हवा; उघडा कोनाडा कितीही देखणा वाटला तरी त्याला काच लावल्याशिवाय गाड्या ठेवू नयेत.

कपाट पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर आणि कूलरच्या झोतासमोर नसावे. बाहेर ४२ अंश असताना वाळ्याच्या पडद्यातून येणारी थंड हवा आपल्याला सुखावते, पण ती ओलसर असते. तिने पोलादी आस गंजतात आणि न उघडलेल्या पाकिटांचे पुठ्ठे वाकतात. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, डांबरगोळ्या अजिबात नकोत, कारण त्यांची वाफ काही प्रकारच्या प्लॅस्टिकला मऊ करते. मोठ्या गाड्यांचे मऊ पीव्हीसी टायर उष्णतेत तेलकट द्रव सोडून प्लॅस्टिकच्या तळाला चिकटतात; त्यामुळे गाडी काचेच्या फळीवर ठेवावी किंवा चेसिसखाली ठोकळा देऊन चाके अधांतरी राखावीत.

सफाईसाठी रंगकामाचा मऊ, कोरडा ब्रश पुरे. धुण्याचा माझा अनुभव वाईट आहे. एका काळ्या गाडीला मी बोअरच्या पाण्याने धुऊन उन्हात ठेवले आणि तासाभराने तिच्या टपावर क्षारांचे पांढरे ठिपके उमटले. पितळ घासतो तसे चिंचेने घासून पाहावे असे मनात आले होते, सुदैवाने केले नाही. जस्ताला आंबट मानवत नाही. धुणे भागच असेल तर फिल्टरचे किंवा पावसाचे पाणी वापरावे आणि लगेच मऊ कापडाने टिपून सावलीत वाळवावे.

जुनी गाडी घेताना अंगावर केसाएवढ्या भेगा किंवा फुगलेले दरवाजे दिसतात का ते पाहावे. जस्ताच्या मिश्रधातूत शिसे मिसळले गेले असल्यास तो वर्षानुवर्षे आतून ठिसूळ होत जातो, विशेषतः दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या डिंकी टॉइज या ब्रिटिश छापाच्या गाड्यांमध्ये हे आढळते. त्यावर उपाय नाही. हा दोष शेजारच्या गाडीला लागत नाही, त्यामुळे भेगाळलेली गाडी वेगळी काढण्याची गरज नसते; किंमत मात्र त्या हिशेबानेच द्यावी.

कपाट पूर्ण रिकामे करण्याचे काम दसऱ्याआधी घर काढतो तेव्हाच करावे, आणि ठेवण्याआधी प्रत्येक फळीचा मोबाइलवर फोटो काढून घ्यावा, म्हणजे परत लावताना घोळ होत नाही. दसऱ्याला घरातली मोटारसायकल पुजली की लहान मुले कपाटाकडेही वळतात. झेंडूची माळ काचेवर बाहेरून लावू द्यावी. हळद-कुंकवाचे बोट मात्र गाड्यांना लागू देऊ नये, कारण पांढऱ्या रंगावर बसलेला हळदीचा डाग सहजासहजी जात नाही.