डिकलखाली चंदेरी चट्टे का दिसतात?

स्केल मॉडेलच्या मॅट (चकाकी नसलेल्या) रंगावर थेट डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवून चिकटवायचं पातळ छापील चित्र, लावलं की पारदर्शक कडांखाली चंदेरी झाक उमटते. दोष बहुतेक वेळा डिकलचा नसतो. मॅट पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो आणि त्या खाचांत हवा अडकते. म्हणून आधी ग्लॉस क्लिअरचा (चकचकीत पारदर्शक वार्निशचा) पातळ थर द्या आणि तो पूर्ण वाळू द्या. घाई इथेच नडते.

डिकल कोमट पाण्यात 10-15 सेकंद बुडवून टिश्यूवर ठेवा. कागदावरून आपोआप सुटेपर्यंत पाण्यात तरंगत ठेवलं तर गोंद धुऊन जातो. मॉडेलवर पाण्याचा थेंब सोडा, कागद जागेशी टेकवा आणि ओल्या ब्रशने डिकल सरकवा. चिमट्याने उचललं तर गुंडाळी होते. जागा पक्की झाली की मधून कडेकडे पाणी टिपून घ्या.

पॅनेलच्या कोरीव रेषांवर आलेल्या डिकलवर मायक्रो सोलसारखं सॉफ्टनर (डिकल मऊ करणारं द्रावण) लावा. डिकल सुरकुततं, भीती वाटते, पण अजिबात हात लावू नका; वाळताना ते बहुधा स्वतःच सपाट बसतं. बुडबुडा उरलाच तर बारीक सुईने टोचून पुन्हा थोडं सॉफ्टनर द्या. दुसऱ्या दिवशी गोंदाचे डाग ओल्या कापडाने हलकेच पुसा, मग मॅट क्लिअर मारा.