निदेशक कोण आहेत, हे आधी विचारा

दहावीचा निकाल लागला की आमच्या भांडुपच्या चाळीत कुणी ना कुणी माझ्या दाराशी येतंच. ‘ताई, पोराला आयटीआयला टाकायचंय. कुठला ट्रेड चांगला?’ मी वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला, मग वर्षभर अप्रेंटिसशिप, आणि आता परळला एका मोठ्या इमारतीच्या मेंटेनन्समध्ये आहे, म्हणून मला विचारतात. ट्रेडचं मी सांगते. पण त्याआधी मीच त्यांना विचारते, तिथे त्या ट्रेडला निदेशक, म्हणजे शिकवणारे सर, कोण आहेत, ते बघितलंत का?

अभ्यासक्रम देशभर एकच असतो. वीजतंत्री, तारतंत्री (वायरमन), जोडारी (फिटर), कातारी (टर्नर) ही दोन-दोन वर्षं; संधाता म्हणजे वेल्डर आणि कोपा म्हणजे संगणक चालवण्याचा ट्रेड एकेक वर्ष. पुस्तकं तीच, परीक्षा तीच. फरक पडतो तो माणसात. आमच्या तुकडीत आम्ही २० जण होतो आणि थेअरी असो की प्रॅक्टिकल, जवळजवळ सगळा दिवस एकाच निदेशकांच्या हाताखाली. कॉलेजात एका विषयाच्या सरांचं शिकवणं कळलं नाही तर बाकीचे विषय तरी असतात. इथे सर नसले तर वर्षच नसतं.

आमचं पहिल्या वर्षी तेच झालं. पद रिकामं होतं. दुसऱ्या तुकडीचे सर येऊन हजेरी घ्यायचे, पानभर लिहून द्यायचे आणि आम्हाला फाइलिंगला लावून जायचे. वीजतंत्रीलाही सुरुवातीला लोखंड घासणं, हॅक-सॉ चालवणं असतं, ते हवंच. पण आमचं ते दिवाळीपर्यंत चाललं. तोवर एक साधा स्विच-दिवाही कुणी जोडला नव्हता. ८० टक्के हजेरी लागते, म्हणून रोज जात होतो. परत येताना गाडीत मला रडू यायचं, कारण बाबांनी ओव्हरटाइम करून माझं टूलकिट घेतलं होतं आणि त्यातली पक्कड अजून तेलकट कागदातच होती.

शेवटी आम्ही सगळ्यांनी सह्या करून प्राचार्यांना अर्ज दिला. एका मुलाने सुचवलं, अर्जात कुणाबद्दल तक्रार लिहायची नाही. अभ्यासक्रमात आतापर्यंत कुठली प्रॅक्टिकल्स व्हायला हवी होती आणि कुठली राहिली, एवढीच यादी लावायची. ते फार बरं झालं. यादी समोर असली की उत्तर द्यावं लागतं. महिनाभरात तासिका तत्त्वावर, म्हणजे तासांप्रमाणे पैसे मिळणारे, एक सर आले.

त्या सरांनी पहिल्याच दिवशी छताचा पंखा टेबलावर उघडला. टेस्टर कसा वापरायचा, हे त्यांनी तासभर शिकवलं: आधी चालू पॉइंटवर लावून टेस्टरच चालतोय का ते बघायचं, मगच बंद वाटणाऱ्या तारेवर, आणि त्यानंतर पुन्हा एकदा चालू पॉइंटवर. आजही माझा हात तसाच जातो. जिन्याचं वायरिंग, म्हणजे खालून लावलेला दिवा वरून बंद करता येतो ते, प्रत्येकाने आधी फळ्यावर काढायचं आणि मग बोर्डावर जोडायचं. जॉब, म्हणजे करायला दिलेलं काम, पूर्ण झाला तरी सही लगेच नाही. आम्हाला बाहेर पाठवून ते बोर्डात एक दोष घालून ठेवायचे. कधी न्यूट्रल सैल, कधी फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेला स्विच. सीरिज लॅम्प म्हणजे तपासणीचा दिवा घेऊन तो शोधला आणि कारण सांगितलं, की मग सही. शिडीवर चढायला आम्हा तीन मुलींना तोवर कुणी बोलावतच नसे. त्यांनी रोल नंबरप्रमाणे सगळ्यांना चढवलं.

दुसऱ्या वर्षी कायम सर मिळाले. ते अगदी वेगळे होते, कमी बोलणारे, कडक. ड्रॉइंगमधली एक रेघ चुकली की पूर्ण पान परत. मला ते आवडत नव्हते, हे खरं. पण थेअरीची संगणकावरची परीक्षा मला सोपी गेली ती त्यांच्यामुळे. रेल्वेत अप्रेंटिस घेताना दहावीचे आणि आयटीआयचे गुण धरून यादी लागते, तेव्हा एकेका गुणाला किंमत असते, हेही त्यांनीच वर्षाच्या सुरुवातीला सांगितलं. माटुंगा, परळ, लोअर परळची रेल्वे वर्कशॉप्स, माझगाव डॉक, नेव्हल डॉकयार्ड यांच्या जाहिराती ते स्वतः फलकावर लावायचे. म्हणून चौकशी करताना आत्ता शिकणाऱ्यांना ‘सर कसे आहेत’ एवढंच विचारू नका. लवकर सोडणारे सर त्या वयात सगळ्यांनाच चांगले वाटतात. दोन वर्षांपूर्वी पास होऊन कामाला लागलेल्याला विचारा.

आत शिकणाऱ्यांना विचारायचं ते वेगळं. पाळी सुटायच्या वेळेला गेटवर थांबा आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, आजवर किती जॉब झाले? मोटरच्या वाइंडिंगला तार मिळते का, की नुसतं चित्र काढता? मोठी मोटर सुरू करायचा स्टार-डेल्टा स्टार्टर चालू आहे की कपाटात आहे? मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, हातात घेतलाय का? प्रॅक्टिकलची वही बघायला मागा. मुलं आनंदाने दाखवतात. ट्रेडच्या त्या तुकडीला केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची (डीजीटी; पूर्वी एनसीव्हीटी म्हणायचे) संलग्नता आहे ना, हे मात्र ऑफिसातच विचारा.

आणि निवड चुकलीच, सर बरे नाही मिळाले, तर वाट बघत बसू नका. दुसऱ्या तुकडीच्या सरांना विनंती केली तर प्रॅक्टिकलला मागे उभं राहू देतात, मी राहिलेय. लोहार चाळीत जाऊन दोन टू-वे स्विच, होल्डर, एक लाकडी बोर्ड आणि थोडी वायर घ्या. घरी जोडा, सोडवा, परत जोडा. पण घरच्या लाइनला लावायचं नाही. मी ते बोर्ड शाळेच्या पाटीसारखं रोज काढायचे.

पुढे डिप्लोमा करायचा असेल तर दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालेल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. त्यासाठी गणित सोडून देऊ नका.

अप्रेंटिसशिपच्या पहिल्या आठवड्यात चार्जमननी, म्हणजे तिथल्या सुपरवायझरनी, मला एका पंपाच्या स्टार्टरसमोर उभं केलं. हिरवं बटण दाबून धरलं की मोटर चालायची, सोडलं की बंद. बाकीचे मोटर उघडायची का म्हणत होते. मी सप्लाय बंद करून, बटण सोडल्यावरही मोटर चालू ठेवतो तो होल्डिंग कॉन्टॅक्ट तपासला. तार सुटली होती. तासिकेच्या सरांनी हाच दोष आमच्या बोर्डात दोनदा घातला होता. त्या संध्याकाळी मी त्यांना फोन केला, तेव्हा ते दुसऱ्या आयटीआयला गेले होते, तिथेही तासिकेवरच. अशा माणसाला दर वर्षी नव्याने नेमणुकीची वाट बघावी लागते, याचं मला आजही वाईट वाटतं.

गेल्या जूनमध्ये शेजारच्या मुलीला घेऊन मी दोन आयटीआयच्या गेटवर गेले. घराजवळच्या ठिकाणी दुसऱ्या वर्षाच्या मुलाने वही दाखवली, तर अर्धी पानं कोरी. दुसऱ्या ठिकाणी जायला कुर्ल्याला गाडी बदलावी लागते. तिथली मुलं आम्हाला थेट वर्कशॉपच्या दारापर्यंत घेऊन गेली. आत सर जमिनीवर बसून मोटर उघडत होते आणि भोवती सात-आठ जण वाकून बघत होते. घरी येऊन तिने विकल्प भरले, तेव्हा लांबचं आयटीआय पहिल्या क्रमांकावर टाकलं.