प्रचारातला मुद्दा सभागृहापर्यंत पोहोचला का, हे कसे तपासावे

निवडून आलेल्या प्रतिनिधीचे काम जोखायचे ठरले की बहुतेक जण त्याचाच जाहीरनामा काढून बसतात. त्याबरोबर पराभूत उमेदवाराची पत्रके आणि भाषणेही आधी मिळवावीत, कारण विरोधक नेमका तोच विषय लावून धरतो ज्यात समोरच्याची बाजू लंगडी असते, आणि पुढच्या निवडणुकीत पुन्हा त्याच ठिकाणी वार होऊ नये म्हणून विजेता तो विषय स्वतःच हाती घेण्याची शक्यता असते.

मग आश्वासनांचे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. १९९४ मध्ये अमेरिकेतील रिपब्लिकन उमेदवारांनी ‘अमेरिकेशी करार’ या नावाने १० विधेयके पहिल्या १०० दिवसांत मतदानाला आणण्याचे वचन दिले होते; ती संमत करून घेण्याचे नव्हे. लोकप्रतिनिधींच्या कार्यकाळावर मर्यादा घालणारी घटनादुरुस्ती त्यांनी १९९५ मध्ये प्रतिनिधिगृहात मतदानाला आणली, तेव्हा तिला २२७ विरुद्ध २०४ मते पडली आणि दोन तृतीयांश बहुमताअभावी ती बारगळली. वचन पाळले गेले, कायदा झाला नाही. या दोन्हींची नोंद वेगवेगळी करावी.

त्यानंतर सभागृहाच्या कामकाजाकडे वळावे. विधेयक मांडणे, दुरुस्ती सुचवणे, प्रश्न विचारणे यांत सदस्याचा स्वतःचा कल अंतिम मतदानापेक्षा अधिक स्पष्ट दिसतो, कारण मतदानावर पक्षादेशाचे सावट असते. (दुसऱ्याच्या विधेयकावर नुसती सही करणे स्वस्त असते, तिला फार गुण देऊ नयेत.) सदस्य पूर्वीही निवडून आलेला असेल, तर त्याच विषयावरील मागच्या कार्यकाळातील काम शेजारी मांडावे, नाहीतर त्याच्या जुन्याच आस्थेचे श्रेय प्रचाराला दिले जाते.

मतदान तपासताना गैरहजेरीसाठी वेगळा रकाना ठेवावा. ब्रिटनमध्ये २०१० च्या निवडणुकीत लिबरल डेमोक्रॅट उमेदवारांनी विद्यापीठांच्या शुल्कवाढीविरुद्ध मत देण्याच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या होत्या. सत्तेत सहभागी होताना झालेल्या आघाडीच्या करारात या पक्षाला तटस्थ राहण्याची मुभा होती, पण डिसेंबरमध्ये कमाल शुल्क वर्षाला ९,००० पौंडांपर्यंत नेणारा प्रस्ताव आला, तेव्हा ५७ पैकी केवळ २१ खासदारांनी विरोधात मत दिले. जे तटस्थ राहिले त्यांनी आघाडीचा करार मोडला नाही. मात्र प्रतिज्ञा विरोधात मत देण्याची असल्यामुळे त्यांच्या नावापुढेही ‘वचन मोडले’ असेच लिहावे लागते.