हार्ड डिस्क बोंबलली? आधी केबल काढा, मग हे वाचा

मागच्या दिवाळीत मावशीचा फोन, "अरे ती पोर्टेबल डिस्क टेबलावरून पडली, आता लावली की फॉरमॅट करायचं का विचारतंय, करू का?" मी जवळजवळ ओरडलोच, मावशी काहीही दाबू नकोस, केबल काढ आणि डिस्क कपाटात ठेव. आत ताईच्या लग्नाचे सगळे फोटो, बॅकअप अर्थातच नाही. तेव्हा जे केलं ते इथे लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्या नातेवाईकाला लिंक पाठवता येईल.

सगळ्यात आधी कान लावा. टकटक किंवा खरखर घासल्यासारखा आवाज येत असेल तर घरचे प्रयोग इथेच संपले. डिस्कचं हेड, म्हणजे डेटा वाचणारं टोक, प्लॅटरच्या, म्हणजे डेटा साठवणाऱ्या फिरत्या तबकडीच्या, वर फक्त काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, ते टेकलं आणि खाली प्लॅटर मिनिटाला ५४०० फेऱ्या मारतोय म्हटल्यावर प्रत्येक फेरीत तुमचे फोटो खरवडले जातायत, त्यामुळे "परत एकदा लावून बघू" हा लय महागात पडणारा प्रकार आहे. अशी डिस्क थेट क्लीनरूमवाल्या (धूळमुक्त खोली असलेल्या) रिकव्हरी लॅबकडे न्या. फ्रीजरमध्ये वगैरे ठेवू नका, बाहेर काढली की आत दव धरतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. तसाच दुसरा उद्योग म्हणजे सेम मॉडेलचा सर्किट बोर्ड आणून बसवणं. बऱ्याच डिस्कमध्ये फक्त त्याच डिस्कसाठी जुळवलेली माहिती (कॅलिब्रेशन) बोर्डवरच्या रॉम चिपमध्ये असते, ती चिप हलवल्याशिवाय नुसता बोर्ड बदलून काही होत नाही.

मावशीच्या डिस्कला आवाज नव्हता, नुसती भयंकर स्लो. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये बघितलं तर सी५ म्हणजे पेंडिंग सेक्टरचा आकडा शून्य नव्हता, म्हणजे काही सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) वाचता येत नाहीयेत. अशा वेळी विंडोज "स्कॅन अँड फिक्स" सुचवतं किंवा कोणीतरी चेकडिस्क (विंडोजचंच डिस्क दुरुस्तीचं टूल) मारायला सांगतं, ते अजिबात करू नका. चेकडिस्कला फाईल सिस्टिम, म्हणजे कुठली फाईल कुठे आहे त्याची नोंदवही, जुळवायची असते, तुमच्या फाईल्सशी त्याला देणंघेणं नाही, आणि ते त्याच आजारी डिस्कवर लिहीत सुटतं.

खरं काम एकच, डिस्कची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाईलमध्ये हुबेहूब नक्कल, काढायची आणि पुढची सगळी खटपट त्या इमेजवर करायची. फोटो ८० जीबीचे का असेनात, डिस्क १ टीबीची असेल तर इमेजला दुसऱ्या डिस्कवर पूर्ण १ टीबी जागा धरून चला, आणि ती दुसरी डिस्क फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली नको, त्यात ४ जीबीच्या वरची फाईल बसतच नाही. मी सिस्टिमरेस्क्यूचा (पेनड्राईव्हवरून चालणारी लिनक्स सिस्टिम) पेनड्राईव्ह बनवून लॅपटॉप त्यावरून चालू केला, त्यात इमेज काढणारं डीडीरेस्क्यू आणि तिच्यातून फाईल्स काढणारं टेस्टडिस्क दोन्ही असतात. आजारी डिस्क माऊंट करू नका (म्हणजे फाईल्स बघायला उघडू नका), नुसती जोडा, आणि साईज आणि मॉडेल बघून कुठली कुठली आहे ते दोनदा तपासा. डीडीरेस्क्यूच्या कमांडमध्ये आधी आजारी डिस्क, मग इमेज फाईल, मग मॅपफाईल, हा क्रम चुकला तर रडायची वेळ येईल. ते फोर्स (जबरदस्तीने लिहायची परवानगी) मागायला लागलं तर थांबाच, कारण त्याचा अर्थ तुम्ही फाईलच्या जागी अख्खी डिस्क टार्गेट दिलीये.

पहिल्या फेरीत कमांडला डॅश एन (-n) लावा, म्हणजे चांगला भाग भराभर उचलला जातो आणि खराब जागा नंतरसाठी राहतात. मग दुसऱ्या फेरीत डॅश डी (-d) आणि डॅश आर ३ (-r3), तेव्हा ते राहिलेल्या जागांवर तीनदा डोकं आपटतं. मॅपफाईल विसरू नका, कुठवर वाचून झालं ते तिच्यातच असतं. आमची डिस्क रात्रीत दोनदा हँग झाली, काढून थंड केली, तीच कमांड परत दिली आणि गाडी तिथूनच पुढे.

मग इमेज टेस्टडिस्कमध्ये उघडायची, ॲनालाईज, क्विक सर्च, पार्टिशन (डिस्कचा फाईल्स असलेला भाग) दिसलं की पी दाबा. फोल्डर दिसले तर तुमचं नशीब जोरात, ए ने सगळं सिलेक्ट आणि कॅपिटल सी ने कॉपी, अर्थात तिसऱ्या जागी. नाहीच दिसलं तर टेस्टडिस्कसोबतच येणारं फोटोरेक. ते फाईल सिस्टिमकडे बघतच नाही, जेपीजीची सुरुवात एफएफ डी८ एफएफ अशी असते तसल्या खुणा शोधत जातं, त्यामुळे फोटो मिळतात पण नावं आणि फोल्डर गेले.

एसएसडीचं (फिरती तबकडी नसलेली, चिपवाली डिस्क) मात्र वेगळं आहे, तिथे डिलीट केलेली फाईल ट्रिममुळे, म्हणजे रिकाम्या झालेल्या जागा साफ करायच्या सोयीमुळे, थोड्या वेळातच खरोखर पुसली जाते, मग सॉफ्टवेअर कितीही भारी असो. कॅमेऱ्याच्या कार्डातून चुकून डिलीट झालं असेल तर बाजूची लॉकची पट्टी सरकवा आणि मग फोटोरेक, तिथे चान्स चांगला असतो.

आमच्याकडे शेवटी फोटोरेकच चालवावं लागलं. हजारो फोटो, नावं सगळी एफ आणि पुढे आकडे. पण कॅमेऱ्याच्या फोटोत आत एक्झिफमध्ये (फोटोतच दडलेल्या माहितीत) तारीख असते, ती वाचणाऱ्या एक्झिफटूलने तारखेप्रमाणे फोल्डर पाडले तर मेंदी, हळद, लग्न आपोआप वेगळं झालं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंत ती तारीख नसते, तो ढीग मावशी अजून दुपारी बसून निवडतेय.