शिष्यवृत्तीसाठी शिफारसपत्र कसं मिळवाल?

शिफारसपत्र मागताना हुद्द्याला भुलू नका. तुम्हाला जेमतेम ओळखणाऱ्या विभागप्रमुखांच्या चार गुळमुळीत ओळींपेक्षा, ज्यांनी तुमचा प्रकल्प तपासला त्या शिक्षकांचं पत्र कितीतरी वजनदार ठरतं. मुदतीच्या किमान चार आठवडे आधी विचारा. नुसतं ‘पत्र द्याल का?’ नको, ‘माझ्या कामाबद्दल ठामपणे लिहिता येईल का?’ असं विचारा. उत्तर देताना आढेवेढे जाणवले, तर आभार मानून दुसरीकडे वळा.

होकार मिळाला की एकाच ईमेलमध्ये सगळं पाठवा: बायोडेटा, गुणपत्रक, अर्जासोबतच्या तुमच्या निबंधाचा मसुदा, शिष्यवृत्तीचे निकष, अंतिम तारीख. सोबत तुमच्या कामातले दोन-तीन ठोस प्रसंग आठवणीसाठी द्या. ‘मेहनती विद्यार्थी’ असं कुणीही लिहितं. ‘प्रयोगातली चूक स्वतः शोधून मोजमापं पुन्हा घेतली’ हे निवड समितीच्या लक्षात राहतं.

पत्र बहुधा शिक्षकांनीच पोर्टलवर अपलोड करायचं असतं. त्यासाठी त्यांना ईमेलवर येणारी लिंक अनेकदा स्पॅममध्ये जाऊन पडते, म्हणून ती मिळाली का हे त्यांना लगेच विचारून घ्या. मुदतीच्या आठवडाभर आधी एकदा आठवण करून दिली की पुरे. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं कुणी म्हणालं, तर मुद्दे द्या, तयार पत्र नको. अर्जाची आणि पत्राची भाषा एकच दिसली की शंका येतेच.