‘ही डिडन्ट वेन्ट’ ही चूक कायमची कशी घालवावी

बारा काळांचा तक्ता आधी बाजूला ठेवा. इंग्रजीची सुरुवात त्याच्यापासून करा, असा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो आणि त्यात अडकून इंग्रजीच सोडून दिलेली कितीतरी माणसं मी पाहिली आहेत. साधा वर्तमानकाळ, साधा भूतकाळ आणि ‘ॲम, इज, आर’ एवढ्यावर सुरुवात होते.

शब्दांचा क्रम: मराठीत क्रियापद शेवटी, इंग्रजीत कर्त्याला लागून. ‘मी पुस्तक वाचतो’, ‘आय रीड अ बुक’. वीसेक वाक्यं केली की हात बसतो.

‘ही, शी, इट’ आले की वर्तमानकाळात क्रियापदाला ‘एस’ जोडा. आय वर्क, ही वर्क्स. पुढे चला.

आता नकार आणि प्रश्न. इथे घाई करू नका. ‘डिड’नंतर क्रियापदाचं पहिलं रूप, हा नियम मला शाळेपासून तोंडपाठ होता. तरी बोलताना कित्येक वर्षं ‘आय डिडन्ट वेन्ट’च निघायचं. नियम घोकून ही चूक जात नाही. ती येते कुठून, हे कळलं तेव्हा माझी गेली.

ती येते मराठीतून. ‘तो गेला’ याचा नकार ‘तो गेला नाही’, प्रश्न ‘तो गेला का?’ दोन्हीकडे ‘गेला’ जसाच्या तसा. मग ‘वेन्ट’लाही हात लावायला मन तयार होत नाही.

पण उताराही मराठीतच आहे. ‘तो जातो’ याचा नकार ‘तो जातो नाही’ असा आपण कधी करतो का? आपण म्हणतो ‘तो जात नाही’, ‘ते जात नाहीत’. ‘जातो’, ‘जातात’ यांची शेपटी गळून नुसतं ‘जात’ उरलं, आणि एक की अनेक हे ‘नाही’, ‘नाहीत’ सांगू लागले. इंग्रजी नेमकं हेच करते. ‘ही गोज’चा ‘एस’ ‘डझ’ने उचलला, उरलं ‘गो’: ‘ही डझन्ट गो’. ‘वेन्ट’मधला भूतकाळ ‘डिड’ने उचलला, पुन्हा उरलं ‘गो’: ‘ही डिडन्ट गो’. ‘ही डझन्ट गोज’ हे इंग्रजी कानाला ‘तो जातो नाही’इतकंच खटकतं.

सराव असा करा. ‘शी केम’ हे वाक्य घ्या. थेट नकारावर उडी मारू नका, आधी ‘शी डिड कम’ म्हणा. हे अचूक इंग्रजी आहे. ‘ती आली होती, खरंच’ असं ठासून सांगताना वापरतात. आता ‘नॉट’ घाला: ‘शी डिड नॉट कम’. मग ‘डिड’ कर्त्याच्या पुढे न्या: ‘डिड शी कम?’ मधलं ‘शी डिड कम’ गाळू नका, सगळी किल्ली त्यातच आहे. रोज दहा क्रियापदं, मोठ्याने, आणि मुद्दाम सॉ, टुक, ब्रॉट अशी रूप बदलणारी. ‘प्ले’, ‘प्लेड’वर सराव केलात तर चूक कानाला पकडताच येणार नाही.

‘नुसता आवाज चढवून यू वेन्ट? म्हटलं तरी चालतं’ असं कुणी सांगेल. आश्चर्य दाखवायला चालतं. पण नवशिक्याने ही पळवाट धरली की प्रश्न बांधायला तो कधीच शिकत नाही.

‘इज, आर, वॉज, कॅन, विल’ यांना ‘डू, डझ, डिड’ लागत नाही, ते स्वतःच पुढे जातात: ‘आर यू रेडी?’ प्रश्न कर्त्याविषयीच असेल तरीही लागत नाही: ‘हू केम?’, ‘व्हॉट हॅपन्ड?’ पण ‘तिने काय पाहिलं?’ हे ‘व्हॉट डिड शी सी?’

उत्तर देतानाही जपा. ‘डिडन्ट यू गो?’ असं विचारलं आणि तुम्ही गेला नसाल, तर मराठीत ‘हो, नाही गेलो’ चालून जातं. इंग्रजीत ‘नो, आय डिडन्ट’ असंच म्हणायचं. गेला असाल तर ‘यस, आय डिड’.